डावीकडचा ब्रेक

“आप्पा, हिचा ब्रेक कच्चा आहे,” शलाका म्हणाली.

पांढरी गाडी वाढे फाट्याच्या अलीकडं, सर्व्हिस रोडवर, उसाच्या एका ट्रॉलीमागं थांबली होती. थांबली म्हणजे कशीबशी. ट्रॉलीबाहेर लोंबणारे ऊस आमच्या बॉनेटला जवळजवळ टेकले होते. मागच्या सीटवर शोरूमच्या तब्बसुम बागवान बसल्या होत्या आणि त्यांनी माझ्या सीटची पाठ दोन्ही हातांनी गच्च धरली होती.

“कच्चा?” त्या म्हणाल्या. “मॅडम, टेस्ट ड्राइव्हची गाडी आहे. सहाशे किलोमीटर चाललीय फक्त.”

“दाबतेय तरी लागत नाही. हो ना, आप्पा?”

दोघी माझ्याकडं बघत होत्या. माझा उजवा पाय पुढच्या मॅटवर रोवलेला होता. तो मी हळूच मागं घेतला.

“लागतोय,” मी म्हणालो, “पण जरा उशिरा लागतोय.”

मी निकम मास्तर. साताऱ्यात सत्तावीस वर्षं लोकांना चारचाकी शिकवली. अर्धा सातारा माझ्या हाताखालून गेला, असं मी म्हणायचो. आमच्या मंडळी म्हणायच्या, “पाव म्हणा, पाव.” पण पाव साताऱ्याचा मास्तर जेव्हा ‘ब्रेक उशिरा लागतोय’ म्हणतो, तेव्हा शोरूमवाली बाई काय बोलणार? तब्बसुमनं वहीत काहीतरी लिहून घेतलं. तिचा भाऊ इरफान माझ्याकडंच शिकला होता, त्यामुळं मला ती जरा जास्तच मान देत होती.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी मुलगी शलाका तेव्हा सव्वीस वर्षांची. शिरवळला जनावरांची डॉक्टर झाली, परीक्षा दिली आणि तिला नेमणूक मिळाली ती घाटापलीकडं, जावळीच्या टोकाला. तिथल्या दवाखान्याखाली अकरा गावं होती. कुठल्या वाडीत गाय अडली की निघायचं, रस्ता असेल तिथपर्यंत गाडीनं आणि पुढं पायी. पंधरा दिवसांत हजर व्हायचं होतं. तिला स्वतःची गाडी हवी होती, तीही साधी नाही. छोटी, बसकी, चढाला जोर न करता पळणारी.

“डॉक्टरीण आहेस का रेसवाली?” मी विचारलं होतं.

“गाय अडली की दोन्ही व्हावं लागतं, आप्पा.”

माझा बेत वेगळा होता. सकाळची बॅच बंद करायची, क्लासच्या गाडीतून तिला मीच नेऊन सोडायचं, संध्याकाळी आणायचं. वेळ पडली तर तिथंच खोली घेऊन राहायचं. त्या शुक्रवारी सकाळी पोह्यांवर आमचा करार झाला. त्या शोरूममध्ये तिनं निवडलेल्या तीन गाड्या होत्या. तिन्ही चालवून बघायच्या. एक पसंत पडली तर आजच बुकिंग करायचं आणि मी पुन्हा तोंड उघडायचं नाही. एकही पसंत पडली नाही तर तिनं माझं ऐकायचं.

तिच्या आईनं हळदकुंकवाची पुडी आणि नारळ पिशवीत घालून दिला. मी म्हणालो, “अगं, आज गाडी मिळणार नाही, नुसती बघायला चाललोय.” ती म्हणाली, “असू दे. बघायला जाताना मोकळ्या हातानं जाऊ नये.” ती पिशवी मागच्या सीटवर, तब्बसुमच्या शेजारी होती.

पांढरी गाडी अशी पहिल्या वीस मिनिटांतच बाद झाली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

शोरूमच्या मागं वर्कशॉप होतं. तब्बसुमनं तिथल्या मेस्त्रीला बोलावून गाडी दाखवली. त्यानं चार फेऱ्या मारल्या, कचकन ब्रेक मारून बघितला, चाकाखाली वाकून बघितलं आणि हात पुसत म्हणाला, “काय झालंय हिला? ठणठणीत हाय.” शलाका माझ्याकडं बघायला लागली. मी शोरूमच्या काचेवरच्या फुग्यांकडं बघायला लागलो.

दुसरी गाडी निळी होती. ती घेऊन आम्ही कोरेगावच्या रस्त्याला लागलो. शलाका गाडी छान चालवायची. स्टेअरिंगवर हात हलका, गिअर लोण्यात सुरी घातल्यासारखा पडायचा, आरशात नजर. मी शिकवलेलं प्रत्येक काम ती माझ्यापेक्षा नीट करायची. तब्बसुमही म्हणाली, “मास्तर, मुलगी तुमचीच शोभते.”

“पाच वर्षांचं लायसन आहे,” मी म्हणालो. “आजपर्यंत गाडीला एक ओरखडा नाही.”

तेवढ्यात समोरून एक म्हैस रस्त्यावर आली. घाई काहीच नव्हती, म्हैस चांगली शंभर पावलांवर होती. शलाकानं ॲक्सिलेटर सोडला, ब्रेकवर पाय ठेवला. गाडीचा वेग कमी होईना. म्हैस मोठी मोठी दिसायला लागली. माझा पाय मॅटवर आपटला. शलाकानं शेवटी स्टेअरिंग उजवीकडं ओढलं आणि आम्ही म्हशीच्या शेपटीजवळून पुढं गेलो. मागं पिशवीतला नारळ सीटवरून खाली पडला.

तिनं गाडी कडेला घेतली. तिचं कपाळ घामानं ओलं झालं होतं.

“हिचाही लागत नाही,” ती म्हणाली.

“मॅडम, तुम्ही मागं बसा. मी दाखवते,” तब्बसुम म्हणाली.

तब्बसुम गाडी शिकली होती ती चुलत्याच्या केळीच्या टेम्पोवर, बाजार समितीच्या मैदानात. तिनं गाडी पळवली, आणि मोकळ्या रस्त्यावर ब्रेक असा मारला की माझं कपाळ काचेपर्यंत जाऊन आलं.

“लागला ना?”

“तुम्ही फार जोरात दाबता,” शलाका मागून म्हणाली. “मला तर कधी इतका दाबावाच लागला नाही.”

“ब्रेक आहे मॅडम, मेंदीचा कोन नाही.” तब्बसुम हसली. मग तिची नजर माझ्या पायांवर गेली. “मास्तर, तुमचा पाय लई वळवळतोय सकाळपासून. दुखतोय का?”

“सवय आहे,” मी म्हणालो.

ही सवय समजायला क्लासची गाडी माहीत असायला हवी. तिच्यात डावीकडं, मास्तरच्या पायाशीही एक ब्रेक आणि एक क्लच असतो. दोन्हीकडचे ब्रेक एका दांड्यानं जोडलेले असतात. मास्तरनं डावीकडचा दाबला की उजवीकडचाही आपोआप खाली जातो. शिकणाऱ्याला धीर द्यायला आम्ही पहिल्याच दिवशी सांगतो, “घाबरू नका, ब्रेक माझ्याकडं आहे.” सत्तावीस वर्षं डाव्या सीटवर बसलेल्या माणसाचा पाय दुसऱ्याच्या गाडीतही ब्रेक शोधतो, त्यात नवल ते काय. शलाकाला तेवढं ठाऊक होतं. मी टीव्हीसमोर बसून गाड्यांची शर्यत बघतानाही पाय दाबतो म्हणून ती मला लहानपणापासून चिडवायची.

दोन गाड्या गेल्या. शोरूममध्ये परत आलो तेव्हा मी आतून खुशीत होतो आणि वरून चेहरा पाडून बसलो होतो. सोमवारपासून सकाळच्या बॅचच्या लोकांना काय सांगायचं, याची वाक्यं मी मनात जुळवत होतो.

तिसरी गाडी लाल होती. चाकं रुंद, पुढचं नाक खाली झुकलेलं, सुरू केली की दबक्या आवाजात गुरगुरायची. शलाकानं तिच्या दारावर हात ठेवला आणि मला तिथंच कळलं की हिला हीच पाहिजे.

“मला हिला घाटात न्यायचीय,” ती म्हणाली. “सपाटीवर काय कळणार? रोज घाटच उतरायचाय मला.”

तब्बसुमनं मान हलवली. “मॅडम, आमचा रूट ठरलेला असतो. घाटात नाही देत आम्ही.”

“मग मी न बघताच कशी घेऊ?”

तब्बसुम माझ्याकडं वळली. माझ्या एका ‘नको’वर विषय संपला असता. तो शब्द माझ्या जिभेवर आलाही होता. पण मी दुसराच हिशेब केला. यवतेश्वरचा घाट. चढताना ब्रेक लागतच नाही. उतरताना दोन वळणांत ही घाबरेल, स्वतःच म्हणेल, ‘आप्पा, तुम्ही चालवा.’ मग पुढची सगळी वर्षं मीच चालवीन. बाप काय काय विचार करतो, ते लिहायलासुद्धा लाज वाटते. पण मी तोच विचार केला.

“जाऊ द्या की,” मी म्हणालो. “मी आहे ना डावीकडं.”

“मास्तर बसलेत म्हटल्यावर काय भीती,” तब्बसुम म्हणाली. तिनं रजिस्टरवर सही केली आणि किल्ली दिली.

पोवई नाका, राजवाडा, समर्थ मंदिर. गावातून गाडी रांगत गेली, त्यामुळं तिथं काही झालं नाही. घाट लागला आणि शलाकानं पाय जरा दाबला. गाडी अशी उचलली गेली की मागून तब्बसुम ‘या अल्ला’ म्हणाली. एकेक वळण येत होतं आणि मागं पडत होतं. शलाका हसत होती. लहानपणी जत्रेत पाळण्यात बसवली की हसायची, तशी.

“आप्पा, बघितलं? दुसऱ्या गिअरवर उतरावंसुद्धा लागलं नाही!”

“रस्ता बघ.”

“बघतेय. हिचा ब्रेक पण बरा वाटतोय.”

ब्रेक तिनं अजून लावलाच नव्हता. मी बोललो नाही.

वर सपाटीवर गाडी वळवली. खाली अख्खा सातारा पसरलेला, समोर अजिंक्यतारा. सव्वापाच वाजले असतील. घाटाच्या या बाजूला सावली आली होती. तिनं खिडकी खाली करून दोन मिनिटं वारा घेतला.

“मी घेतेय ही,” ती म्हणाली. “ठरलं.”

“आधी उतरव तर खरी.”

“उतरवते की.”

उतारावर पहिलं वळण सोपं होतं. दुसऱ्यावर ती जरा जास्त बाहेर गेली. गाडीचं इंजिन इतकं गुळगुळीत होतं की वेग कळतच नव्हता. तिनं तिसरा गिअर ठेवला होता.

“दुसरा टाक,” मी म्हणालो.

“हो.”

“आत्ता टाक.”

ती क्लच दाबायला गेली आणि समोरच्या वळणावरून बामणोलीची एसटी वर आली. वळण घ्यायला एसटीनं सगळा रस्ता घेतला होता. शलाकानं ब्रेकवर पाय ठेवला. ठेवला, दाबला नाही. नेहमी ठेवायची तसाच, हलका. गाडी तशीच खाली चालली. एसटीचं नाक समोर, डावीकडं दगडी कठडा, त्यापलीकडं काही नाही.

मी पाय दाबला. सगळं अंग घालून दाबला. माझ्या पायाखाली रबराचा मॅट होता आणि त्याखाली पत्रा. बाकी काही नव्हतं.

“दाब!” मी ओरडलो. “शलाका, दाब! माझ्याकडं नाहीय!”

तिनं दाबला तेव्हा फार उशीर झाला होता, पण दाबला. टायर किंचाळले. गाडी खडीवरून घसरत डावीकडं गेली. तब्बसुम माझ्या सीटवर आदळली. नारळ कुठंतरी दणकन आपटला. मग सगळं थांबलं.

इंजिन बंद पडलं होतं. माझ्या खिडकीबाहेर कठड्याचा दगड होता, इतका जवळ की त्याच्यावरचं शेवाळ दिसत होतं. मी दार उघडायला गेलो, तर ते दोन बोटं उघडलं आणि दगडाला टेकलं.

एसटीचा ड्रायव्हर खिडकीतून वाकला. भरघोस मिशांचा माणूस. त्यानं तोंड उघडलं ते शिवी द्यायलाच, पण मला बघून ती गिळली.

“अवो मास्तर, तुमी? पोरगी शिकाऊ हाय व्हय? मग पाटी तरी लावायची की!”

एसटी घरघरत वर निघून गेली. मागच्या खिडक्यांतून लोक बराच वेळ वळून बघत होते.

“मॅडम, लागलं नाही ना कुणाला?” तब्बसुमनं विचारलं. “मास्तर?”

शलाका माझ्या पायाकडं बघत होती. माझा उजवा पाय अजून मॅटवर दाबलेला होता. मॅटला वळ्या पडल्या होत्या, चप्पल अर्धी निघाली होती. मी पाय उचलायला बघत होतो आणि तो उचलत नव्हता.

“‘माझ्याकडं नाहीय’ म्हणालात,” ती म्हणाली. “काय नाहीय?”

“काही नाही गं. घाईत तोंडातून गेलं.”

“आप्पा, काय नाहीय तुमच्याकडं?”

मी वाकून चप्पल चाचपली.

तिनं स्वतःच्या उजव्या पायाकडं बघितलं. मग ब्रेकवर तो ठेवला, नेहमीसारखा. उचलला. पुन्हा ठेवला. ती काय आठवत होती, ते मला दिसत होतं. क्लासच्या गाडीत तिनं पाय ठेवला की ब्रेक लोण्यासारखा खाली जायचा. तिला वाटायचं, आपण दाबला.

“कधीपासून?” तिनं विचारलं.

“पहिल्या दिवसापासून.”

“पहिले आठ दिवस तुम्ही सगळ्यांनाच दाबून देता. ते मला माहितीय. आठव्या दिवशी पाय काढून घेता. भिंतीवर लिहिलंय आपल्या क्लासच्या, ‘आठव्या दिवशी मास्तरचा पाय वर.’ माझा कधी काढलात?”

मागं तब्बसुमनं पडलेला नारळ उचलून पिशवीत ठेवला.

“आप्पा.”

“नाही काढला.”

“पाच वर्षं?”

“तू सुट्टीला यायचीस, रविवारी आपण क्लासच्याच गाडीतून जायचो. चार तास. मला वाटायचं, पुढच्या रविवारी काढू.”

“आणि परीक्षेच्या दिवशी?”

परीक्षा क्लासच्याच गाडीत झाली होती. साहेब मागच्या सीटवर, मी डावीकडं. माझे पाय डॅशबोर्डच्या अंधारात, मागून कुणाला दिसणार नाहीत असे.

“तीनदा,” मी म्हणालो.

“साहेब म्हणाले होते, मुलीचा ब्रेकवरचा पाय फार छान आहे. तुम्ही घरी येऊन आईला सांगितलंत. पेढे वाटलेत.” तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “कुणाचा पाय होता तो?”

“माझा.”

“सकाळपासून मी दोन गाड्यांना नावं ठेवली. ह्यांनी मेस्त्रीला बोलावलं. तुम्हाला ठाऊक होतं, आणि तुम्ही म्हणालात, उशिरा लागतोय.”

“तुला लागेल याची भीती वाटायची गं,” मी म्हणालो. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि मला ते पुसताही येईना. “दुसऱ्याचं पोर चुकलं तर चुकू द्यायचो. तुझ्या वेळी पाय ऐकायचाच नाही. माझा वस्ताद सांगायचा, ज्याला पाय उचलता येत नाही तो मास्तर नव्हे. मला उचलता आला नाही.”

तिनं हँडब्रेक ओढला.

“तुम्ही मला वाचवत नव्हता, आप्पा. पंधरा दिवसांनी मी एकटी घाटात असते. गाय अडलीय म्हणून कुणीतरी बोलावलेलं असतं, आणि मी ह्याच पायानं उतरले असते.”



तिनं गाडी सुरू केली. आरशात बघितलं आणि गाडी सावकाश मागं घेतली, वर जिथं रस्ता रुंद होता तिथवर. माझ्या बाजूचं दार उघडेल इतकी जागा झाली.

“उतरा,” ती म्हणाली.

“शलाका, मी चालवतो. आज नको. मी शिकवतो तुला नीट, उद्यापासून—”

“उतरा, आप्पा.”

मी उतरलो. तब्बसुमनं मागून नारळाची पिशवी माझ्या हातात दिली. कशासाठी, कोण जाणे. तिलाही काही सुचत नसावं.

“तुम्हीही उतरा हवं तर,” शलाका तिला म्हणाली.

“मी नाही उतरत. गाडी माझ्या सहीवर बाहेर आलीय.” तब्बसुमनं दार उघडलं. “पुढं येऊन बसू का?”

“नको. मागंच बसा. डावी सीट मोकळी राहू दे.”

मी कठड्याजवळ उभा राहिलो. ती लगेच निघाली नाही. गाडी दहा-बारा फूट पुढं आली आणि तिनं ब्रेक दाबला. हलका. गाडी घरंगळत राहिली. पुन्हा दाबला, जास्त. मग एकदम जोरात. गाडीचं नाक खाली वाकलं. पुन्हा. पुन्हा. सहा वेळा केलं तिनं ते. प्रत्येक वेळी वेग थोडा वाढवून. मी पहिल्या आठवड्यात लोकांकडून हेच करून घेतो. तिच्याकडून कधी करून घेतलं नव्हतं.

सातव्या वेळी ती थांबली नाही. वळणावरून लाल गाडी खाली गेली आणि दिसेनाशी झाली.

मी कठड्याला धरून वाकलो. त्या जागेवरून खालचे तीन पदर दिसतात. पहिल्या पदरावर ती दिसली. डोंगराच्या सावलीत ब्रेकचे मागचे दिवे लागले असते तर दिसले असते. वळण आलं तरी लागले नव्हते. माझा पाय मातीत रुतला. “दाब,” मी म्हणालो, कुणाला ऐकू जाणार नव्हतं तरी. वळणाच्या तोंडाशी दिवे लागले. गाडी हेलकावली आणि वळली.

दुसऱ्या पदरावर समोरून एक जीप येत होती. माझ्या चपलेखालची खडी घसरली. दिवे लागले, विझले, पुन्हा लागले. जीप निघून गेली.

तिसरं वळण सगळ्यांत वाईट. नवशिक्याला मी तिथं कधी नेलं नाही. गाडी एवढीशी दिसत होती. वळण अजून लांब होतं, चांगलं पन्नास पावलं लांब, आणि मागचे दोन्ही दिवे लागले. लख्ख. लागलेलेच राहिले. गाडी अलगद वळली आणि झाडीत गेली.

मी खाली बघितलं. माझ्या उजव्या पायानं मातीत चांगला वीतभर खड्डा केला होता. मी पाय उचलला.

घाट उतरायला मला तासभर लागला. दोन ओळखीच्यांनी गाडी थांबवून “मास्तर, चालत?” म्हणून विचारलं. मी म्हणालो, “डॉक्टरनं सांगितलंय.” ते अगदीच खोटं नव्हतं.

समर्थ मंदिराजवळच्या टपरीपाशी लाल गाडी उभी होती. तब्बसुम चहा पीत होती. मला बघून तिनं ग्लास खाली ठेवला.

“मास्तर, मॅडम म्हणतात, हिचा ब्रेक पक्का आहे,” ती म्हणाली आणि दुसरीकडं बघायला लागली.

शलाका स्टेअरिंगवर बसून होती. डोळे लाल झाले होते. आमची नजरानजर झाली. मी मागचं दार उघडायला हात पुढं केला.

“पुढं बसा,” ती म्हणाली. तिनं वाकून डावीकडचं दार उघडलं. “चपला काढा. पाय वर घ्या.”

“म्हणजे?”

“मांडी घाला.”

मी चपला काढल्या. जेवायला बसल्यासारखी सीटवर मांडी घातली, मांडीवर नारळाची पिशवी घेतली. तब्बसुमनं मागून हात घालून माझा पट्टा लावून दिला. गाडी निघाली. राजवाड्याजवळ एक केळीवाला गाडा ढकलत अचानक आडवा आला. माझा पाय मांडीखाली हलला. शलाकानं बघितलं. तिनं ब्रेक दाबला आणि गाडी थांबली.

त्याच संध्याकाळी बुकिंग झालं. पुढं आठ वर्षं ती लाल गाडी त्या घाटात चालली. किती गाई-म्हशी तिच्यामुळं वाचल्या, ते जावळीतले लोक सांगतील. आता तिच्याकडं दुसरी गाडी आहे. मी क्लास बंद केला. भिंतीवरचं ते वाक्य मात्र अजून पुसलेलं नाही.

तिच्या गाडीत बसलो की मी चपला काढतो आणि मांडी घालतो. ती आता सांगतही नाही. नातेवाईक हसतात. परवा तिच्या सासऱ्यांनी विचारलं, “मास्तर, ह्या वयात गुडघे दुखत नाहीत का?”

“दुखतात की,” मी म्हणालो, आणि पाय वरच ठेवले.